आमच्या नळाची नर्मदा

आमच्या इंदूरला नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते. ‘आज नर्मदा आली का गं?’ असंच रामबागेत बायका एकमेकींना विचारतात. एक दिवसाआड पहाटे नळ आधी नुसती हवा सोडतो, मग धार लागते. आई हौदाचं झाकण सरकवताना आजही ‘नर्मदे हर’ म्हणते आणि पहिला तांब्या देवासाठी बाजूला ठेवते.

परवा भाचा शाळेचा नकाशा पसरून बसला होता. “आत्या, म्हणजे आपलं सांडपाणी भरूचला जाऊन समुद्राला मिळतं ना?”

“नाही रे, पार बंगालच्या उपसागराला.”

त्याला ते पटेना. नर्मदा बडवाहला, इथून जेमतेम पासष्ट किलोमीटरवर. पण माळव्याचं पठार उत्तरेला उतरतं. महूच्या पुढे विंध्याचा कडा एकदम निमाडात कोसळतो आणि त्या कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस पाठ फिरवून उत्तरेला निघतो. जानापावला श्रावणात जाऊन उभं राहा. एकाच डोंगरावरून चंबळ आणि गंभीर उत्तरेला जातात, अजनार आणि कारम दक्षिणेला उतरून नर्मदेला मिळतात. चार पावलांच्या अंतरावर पडलेल्या थेंबांची कायमची ताटातूट! मला तिथे दरवेळी भरून येतं.

नर्मदा विंध्य आणि सातपुड्यामधल्या खचदरीतून १३१२ किलोमीटर जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते. चंबळ आधी उत्तरेला, मग ईशान्येला वळते, मऊ मातीत बिहडं, म्हणजे खोल घळी, कोरते आणि इटाव्याजवळ यमुनेला मिळते. धरणं दोघींवर आहेत. चंबळेवर १९६० चं गांधीसागर, नर्मदेवर इंदिरासागर. त्या दुसऱ्या पाण्याखाली २००४ साली अख्खं हरसूद गाव गेलं, हे विसरून मला तो जलाशय नुसता सुंदर म्हणवत नाही.

इंदूरचे जुने तलाव मात्र सगळे चंबळेच्या माहेरचे. सिरपूर, बिलावली, आणि १९३९ मध्ये गंभीर नदीवर बांधलेला यशवंतसागर. १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटरची पाइपलाइन आली. पंप टप्प्याटप्प्याने पाणी चारशे मीटरहून जास्त उंच चढवतात आणि विंध्य ओलांडतात. नदीने लाखो वर्षांत जे केलं नाही, ते रोज वीज जाळून आपण करतो.

पुढचं बोलायला जीव जड होतो. तेच पाणी मोरीतून नाल्यात, नाल्यातून खान नदीत. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी ते काळंशार वाहताना मी लहानपणापासून बघते आहे. खान पुढे शिप्रेला मिळते. २०१४ पासून शिप्रेत नर्मदेचं पाणी पाइपलाइनने मुद्दाम सोडतात. म्हणजे उज्जैनकडे जाणाऱ्या शिप्रेत नर्मदा दोन वाटांनी येते. एक पूजेसाठी आणलेली, दुसरी आपण भांडी घासून सोडलेली.

भाचा बराच वेळ नकाशावर बोट फिरवत होता. शिप्रा, चंबळ, यमुना, गंगा. मग निळी पेन्सिल घेऊन त्याने मंडलेश्वरपासून इंदूरपर्यंत, डोंगराच्या खुणांवरून, एक रेघ ओढली. छापील नकाशात ती नव्हती.