हर्नियाआधी बीपी : फिटनेसच्या कागदासाठी चार हेलपाटे

हर्नियाचं ऑपरेशन झालं पाऊण तासात. त्याआधीचा फिटनेसचा कागद, म्हणजे या माणसाला भूल द्यायला हरकत नाही असा दाखला, हातात पडायला दीड महिना लागला. म्हणून हे लिहितोय.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, सांगलीच्या बाजूला. वय ५१. पन्नास किलोची सिमेंटची पोती आणि रंगाचे वीस लिटरचे डबे उचलून उचलून उजव्या जांघेत हर्निया झाला. सर्जननी दोन मिनिटं बघितलं, म्हणाले, जाळी बसवू, दुसऱ्या दिवशी घरी. रक्त, लघवी, इसीजी, एक्स-रे एका सकाळीच उरकलं. उरला फक्त भूलीच्या डॉक्टरांचा फिटनेस. दिवाळीआधी रंगाचा सीझन सुरू होतो, त्याच्या आत मोकळं व्हायचं असा माझा हिशेब होता.

फिटनेसची ओपीडी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट फक्त स्ट्रेचरला, असं वॉर्डातल्या मामांनी सांगितलं. चढलो. वर पॅसेजमध्ये एक टेबल, त्यावर बीपीचं मशीन, समोर पाठ नसलेलं स्टूल. स्टूलपर्यंत पोचायला पस्तीस माणसांची उभी रांग. माझा नंबर आला तसं ब्रदर (पुरुष नर्स) म्हणाला, "हात द्या." मी फुल बाह्यांचा शर्ट कोपराच्या वर सरकवला, त्याचा दंडाला दोरीसारखा पीळ बसला. पट्टा त्या पिळावरच गुंडाळला. पट्टा फुगतोय आणि ब्रदर विचारतोय, नाव काय, वय काय, कशाचं ऑपरेशन, कुणाचे पेशंट? मी सगळ्याची उत्तरं देतोय. हात खाली लोंबतोय, कारण टेबलावर केसपेपरचा गठ्ठा. १७६/१०८. लाल पेनानं गोल.

आत डॉक्टरांनी तो गोल बघितला, मला नाही. "बीपी कंट्रोल करून आठ दिवसांनी या."

कसं कंट्रोल करायचं?

"तुमच्या डॉक्टरांकडून गोळी घ्या."

माझे डॉक्टर कोण? मी आयुष्यात सर्दी-तापाशिवाय कुणाकडे गेलेलो नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, दिवसातून चाळीस वेळा माळ्यावर चढ-उतार करतो. मला बीपी असणं शक्यच नाही, मशीन बिघडलंय, असं ठरवून मी घरी आलो. शेजारच्या दुकानदारानं सर्पगंधाच्या गोळ्यांची डबी दिली, बायकोनं सकाळी लसणाच्या पाकळ्या सुरू केल्या.

दुसऱ्या खेपेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो. पण त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी लावलेली. त्यासाठी लघवी तुंबवून ठेवा म्हणाले, म्हणून लिटरभर पाणी प्यायलो. सोनोग्राफीची रांग हलेना. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर नंबर पुकारला. एकदा नंबर गेला की दुपारी दोननंतर, हे मला पहिल्या खेपेत कळलं होतं. पळत वर गेलो, पाय आवळून स्टूलवर बसलो. १७२/१०६. आठ दिवसांनी या.

तिसऱ्या वेळी मी भांडलो. म्हटलं, पाच मिनिटं बसू द्या, मग मोजा. ब्रदर म्हणाला, इथे प्रत्येकाला पाच मिनिटं दिली तर रात्र होईल. तेही खरंच होतं, मागे रांग जिन्यापर्यंत. मी म्हटलं, मग दुसऱ्या हाताला बघा. तो म्हणाला, दोन्ही हात तुमचेच ना? मागच्या एक आजी म्हणाल्या, "अहो भाऊ, आटपा की." आणि या सगळ्या गदारोळात पट्टा फुगत होता. १८४/११२. आत डॉक्टर म्हणाले, टेबलावर काही झालं तर जबाबदार कोण? पुढे म्हणाले, वरचा १८० किंवा खालचा ११० पार झाला की घाईचं नसलेलं ऑपरेशन आम्ही पुढे ढकलतो. ही रेघ त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली असती, तर निदान कशाशी लढतोय ते तरी कळलं असतं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मेडिकलमधून घरगुती मशीन आणलं. दंडाला बांधायचंच घ्या, मनगटाचं नको. खोक्यातला कागद वाचणाऱ्यातला मी आहे, पंपाचासुद्धा वाचतो. त्यात लिहिलं होतं, हा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी. दुकानातली स्टीलची टेप दंडाभोवती नीट वळेना. शेवटी सुतळी गुंडाळली, खूण केली आणि ती टेपवर ताणली. ३५ सेंटिमीटर! पोती उचलून झालेला दंड. लहान पट्टा जाड दंडाला लावला की आकडा जास्त येतो. मोठा पट्टा मागवून आणला, तर वरचा आकडा पाच-सहानं उतरला. हॉस्पिटलच्या टेबलावर एकच पट्टा होता, तोच सगळ्यांना. दारूचं व्यसन सोडलेल्या वाळक्या माणसाला आणि मलाही.

त्या कागदातलं बाकीचं इथे एकदाच लिहून टाकतो, कारण तिसऱ्या मजल्यावर कुणी सांगत नाही. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. लघवी करून यायचं. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम काही नाही. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. यातलं एकही माझ्या तीन खेपांत झालं नव्हतं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! सिद्ध झालं, मला बीपी नाही.

सात दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिलं. उधारीच्या वहीची मागची पानं. सरासरी आली १५१/९५.

घरी मोजलेलं १३५/८५ च्या आत पाहिजे. दवाखान्यात १४०/९० ही रेघ, घरी माणूस निवांत असतो म्हणून रेघ आणखी खाली. म्हणजे ब्रदरचं मोजणं चुकीचं आणि त्यावरून निघालेलं अनुमान बरोबर. हे पचायला मला दोन दिवस लागले.

मग गावातल्या फिजिशियनकडे गेलो. ते म्हणाले, वही आणलीत हे बरं केलंत. वाचणाऱ्यांनो, तुम्हीही गोळी सुरू करायच्या आधीची वही करून न्या, नंतरची वही सगळेच दाखवतात. प्रश्न मात्र त्यांनी विचारले ते एकेक वर्मी लागणारे. वडिलांना बीपी होतं का? होतं, असणारच. कुणी मोजलं नव्हतं. ५८ व्या वर्षी पहाटे उठले ते उजवा हात-पाय गेलेले, वाचा गेलेली. पुढची सहा वर्षं खाटेवर. घोरता का? याचं उत्तर बायकोनं दिलं, जरा जास्तच उत्साहानं. झोपेत श्वास अडकणारं घोरणं असेल तर त्यानंही बीपी चढतं म्हणे. दुखण्याच्या गोळ्या? हर्नियाला आणि गुडघ्याला मिळून चार महिने रोज डायक्लोफिनॅक, मेडिकलवाल्याकडून, चिठ्ठीशिवाय. ते म्हणाले, ही आधी बंद, हिनंही बीपी वाढतं आणि किडनीही जाते. खोकल्याला चघळतो ते ज्येष्ठमधसुद्धा बंद. मला वाटायचं, ज्येष्ठमध म्हणजे आजीचा बटवा, त्यात काय वाईट! तर ते रोज खाल्लं की शरीर मीठ धरून ठेवतं.

सर्पगंधाची डबी काढली तेव्हा हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. म्हणाले, ही लागू पडते, तीच पंचाईत आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला आणि साऱ्या जगाचं लक्ष आपल्या या मुळीकडे गेलं. पण मात्रेचा भरवसा नाही आणि माणसाचं मन खचतं. आता तिच्याहून चांगल्या गोळ्या आहेत. डबी शेजाऱ्याला परत दिली, तो अजून रुसलेला आहे.

मग तपासण्या : डोळ्याचा पडदा, लघवीतली प्रथिनं, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनीन, आणि इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मी म्हटलं, बीपी आहे तर डोळे कशाला? म्हणाले, शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या दिसतात त्या फक्त तिथेच. डोळे, किडनी ठीक निघाले. इकोत हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत १२ मिलिमीटर. जाड झालीय, वर्षानुवर्षं दाबाविरुद्ध पंप करून. मी रोज पाइप विकतो. प्रेशर जास्त झालं की जॉइंटला थेंब दिसतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं. इथे पंपच आतून बदलत होता आणि मी माळ्यावर चढ-उतार करत मला काही होत नाही म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, चाळिशी ते सत्तरीच्या माणसात वरचा आकडा ११५ च्या पुढे २० नं वाढला की पक्षाघातानं किंवा हृदयविकारानं मरायचा धोका साधारण दुप्पट. मी मनात वडिलांचा आकडा काय असेल याचा हिशेब करत होतो.

अॅम्लोडिपीन ५ मिलिग्रॅम, रोज एक. घोट्याला सूज आली तर सांगा, आपल्या आपण बंद करू नका. सरकारी आरोग्य केंद्रातही ही गोळी मिळते, हे मला नंतर कळलं.

मिठाचं आमच्या घरचं गणित मी बायकोसमोर मांडलं, दुकानदाराच्या पद्धतीनं. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचा. चार माणसांना एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. आमची तीन आठवड्यांत संपते. आणि त्यात भडंग, पापड, लोणचं धरलेलंच नाही. बायको म्हणाली, "अहो, ताटात वरून मीठ घेणारं घरात एकच माणूस आहे." विषय तिथेच संपला. गल्ल्याशेजारची भडंगाची बरणी कामगाराच्या पोरांना दिली.

तीन आठवड्यांनी घरची सरासरी १३६/८६. वही घेऊन चौथ्यांदा तिसऱ्या मजल्यावर. तोच ब्रदर, तेच स्टूल. या वेळी मी शर्ट आधीच काढून खांद्यावर टाकला होता आणि स्वतःचा मोठा पट्टा बरोबर नेला होता. तो त्या मशीनच्या नळीला बसला नाही. (एका मशीनचा पट्टा दुसऱ्याला लागेलच असं नाही. न्यायचं तर अख्खं मशीन न्या.) १५८/९६. पण आत वेगळ्या बाई होत्या, भूलीच्या वयस्क डॉक्टर. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मग मला पाठ असलेल्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या शेजारी थांबल्या. नाक आक्रसून म्हणाल्या, "तंबाखू कधी लावलीत?"

गेटवर.

"दर खेपेला?"

दर खेपेलाच. रिक्षातून उतरलं की पानटपरीजवळ उभं राहून चिमूट मळायची, तोंडात टाकायची आणि तीन मजले चढायचे. हे मी खोक्यातल्या कागदावर वाचलं होतं, ब्रदरला सुनावलंही होतं, फक्त स्वतःला धरून वाचलं नव्हतं. बाईंनी चूळ भरायला लावली, अर्धा तास बसवलं. बाकीचे पेशंट आत-बाहेर होत राहिले, मी कोपऱ्यात शाळेतल्या पोरासारखा. १४२/८८. सही झाली. ऑपरेशनच्या सकाळी गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, चुकवायची नाही, असं केसपेपरवर त्यांनी स्वतः लिहिलं. बीपीच्या काही गोळ्या मात्र आदल्या दिवशी थांबवतात, तेव्हा आपली कुठली हे ज्याचं त्यानं विचारावं.

ऑपरेशन नीट झालं. सीझनचे पहिले दहा दिवस बुडाले, पोती आता पोरं उचलतात. तंबाखू चार महिने बंद आहे, मधले दोन दिवस सोडून.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड दिलं. त्यावर लिहिलंय, बीपी १२०/८०. त्या दिवशी सकाळपासून माझ्या दंडाला कुणी पट्टा लावलेलाच नव्हता.