आईच्या साडीचा कुर्ता आणि ऐरोलीची खाडी

आज सकाळी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने ठाणे खाडीत गेले. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे पहाटेच उठले. अंगात आईच्या जुन्या सुती साडीचा शिवून घेतलेला मातकट कुर्ता. इतक्या वेळा धुतला गेलाय की अंगावर आहे हेच जाणवत नाही. गेल्या उन्हाळ्यात पॉलिएस्टरच्या टॉपने पाठभर घामोळं उठलं होतं, तेव्हापासून सुतीच.

आणि मग रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले! पाण्याच्या कडेने लांबच लांब गुलाबी पट्टा. मान खाली, चोच उलटी, चिखलातलं पाणी गाळत होते. तो गुलाबी रंगही अन्नातूनच येतो, शेवाळातल्या रंगद्रव्यांतून. बोटवाल्या दादांनी इंजिन बंद केलं. कितीतरी महिन्यांनी माझा श्वास संथ झाला.

परतताना मात्र चैन पडेना. पॉलिएस्टर धुतलं की त्याचे बारीक धागे सुटतात, प्लास्टिकचेच. सांडपाणी प्रक्रियेत सगळे अडकत नाहीत, उरलेले नाल्यावाटे खाडीत. म्हणजे हे पक्षी जिथे जेवतात तिथेच. २०१५ साली इथे अभयारण्य झालं, २०२२ ला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, आणि माझं धुण्याचं पाणी तिकडेच जातंय.

आहेत ते सिंथेटिक कपडे टाकणार नाही, तोही कचराच. कमी वेळा आणि थंड पाण्यात धुवेन, नवीन घेणार नाही.

आईला फोन करून आणखी दोन साड्या मागितल्या. "निळी इरकल ने," म्हणाली, "काठ अजून छान आहेत."