आजपासून मी पण जेसी!

झालं एकदाचं! आज जेसीआयचं, म्हणजे ज्युनिअर चेंबर इंटरनॅशनल या तरुणांच्या संस्थेचं सदस्यत्व घेतलं. (तिच्या सदस्यांना ‘जेसी’ म्हणतात.) शपथ झाली, कॉलरला पिन लागली, फोटो झाले. (फोटो जरा जास्तच झाले.)

खरं सांगू? अशा संस्था म्हणजे हारतुरे आणि भाषणं, असंच डोक्यात होतं. हारतुरे आहेतच, नाही असं नाही. पण नंतर रक्तदान शिबिराची मीटिंग बसली आणि तिथे खरी मजा आली. एकाने ठराव मांडला, दुसरीने अनुमोदन दिलं, मग चर्चा, मग मतदान. अध्यक्षांच्या हातात चक्क लाकडी हातोडा! रक्त दिल्यावर लोकांनी बसायचं कुठे, यावर दोघांची चांगलीच जुंपली. जिने हा प्रश्न काढला, खुर्च्यांची जबाबदारी शेवटी तिच्याच गळ्यात पडली.

मला सगळ्यात पटलं ते म्हणजे इथे वय 18 ते 40 आणि अध्यक्षपद एकच वर्ष. खुर्चीला चिकटून बसायची सोयच नाही. 1915 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये हेन्री गीसेनबियर नावाच्या तरुणाने मित्रांना जमवून हे सुरू केलं. तेव्हा तो स्वतः जेमतेम विशीतला होता. त्या वयात आपण काय करत होतो, हे नकोच आठवायला!

तर, रक्तदान शिबिरात मला मिळालंय नोंदणीचं टेबल. रविवारी सकाळी या. आणि हो, उपाशीपोटी येऊ नका, नाश्ता करून या. नाहीतर परत पाठवीन.