सुपरमार्केटातली चाळिशी

गृहस्थ आले होते चष्म्याची निखळलेली दांडी बसवून घ्यायला. वय ५४. चष्मा सुपरमार्केटातला, दोन्ही काचा +२.५०. इंग्लंडमध्ये असे तयार चष्मे तपासणीशिवाय मिळतात. वाचायला त्रास झाला की पुढचा नंबर उचलायचा, नऊ वर्षं हेच चाललेलं. स्क्रू बसवताना विचारलं, घरात कुणाला काचबिंदू? "भावाला. रोज थेंब घालतो."

म्हणजे यांची तपासणी फुकट होती. चाळिशीपुढच्या माणसाच्या आईवडिलांना, भावंडाला किंवा मुलाला काचबिंदू असेल, तर पैसे एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, भरते. पण पूर्वी एकदा फोनवर त्यांनी फी विचारली आणि आमच्याकडून फीच सांगितली गेली.

लगेच खुर्चीत बसवलं. नजर दोन्ही डोळ्यांत ६/६, म्हणजे अगदी चांगली, आणि फसगत होते ती इथेच. डोळ्यावर हवेची फुंकर मारणाऱ्या यंत्रावर डोळ्यातला दाब २८ आणि ३१. पापणी आवळली तरी हा आकडा चढतो, म्हणून बधिर करणारा थेंब, फ्लुरोसिन हा रंग आणि गोल्डमनवर, म्हणजे डोळ्याला टेकवून दाब मोजणाऱ्या यंत्रावर, पुन्हा: २७, २९. रुग्णालयाकडे पाठवण्याची रेषा २४ ला. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन उघडा, म्हणजे त्याच दिवशी धावपळ नको. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर, डाव्या डिस्कची (डोळ्याच्या नसेचं टोक) खालची कड जवळजवळ संपलेली. फील्डमध्ये, म्हणजे नजरेच्या आवाक्याच्या चाचणीत, बरोबर वरचा कमानीसारखा भाग गेलेला. पहिल्यांदा फील्ड देणारा बऱ्याचदा चुकतो, म्हणून थोडी विश्रांती देऊन परत घेतलं. कमान तिथेच.

पत्रात नुसतं 'काचबिंदूचा संशय' लिहिलं की ते गठ्ठ्यात तळाला जातं. दाब, वेळ, यंत्र, डिस्कचं वर्णन, दोन्ही फील्ड, भावाचा आजार, सगळं घातलं.

फॅमिली डॉक्टर दाब मोजत नाही. इथला काचबिंदू बहुतेक चष्म्याच्या तपासणीतच सापडतो. १ एप्रिल १९८९ ला बहुतेक प्रौढांची फुकट तपासणी बंद झाली. १९९४ मध्ये ब्रिस्टलच्या नेत्रतज्ज्ञांनी दाखवलं की त्यानंतर रुग्णालयात पाठवलेले रुग्णही घटले आणि सापडलेला काचबिंदूही. आजार घटला नव्हता, अर्थात. साठीपुढच्यांची फी १९९९ मध्ये गेली. पन्नाशीतला माणूस मात्र अजून अधांतरी.

आता काउंटरवर फोन आला की आधी वय, मधुमेह, घरचा काचबिंदू, मग फी.

निघताना कळलं, त्यांना दोन बहिणी आहेत, दोघी चाळिशीपुढच्या. ग्लासगोतलीची चिंता नाही, स्कॉटलंडमध्ये २००६ पासून तपासणी सगळ्यांनाच फुकट. लीड्समधलीसाठी चिठ्ठी दिली: 'भावाला काचबिंदू आहे, हे फी विचारण्याआधी सांगा.'