उडणारा वंचक, १८-५५ आणि बेतीची फेरी

जमलं, मंडळी. वंचकाच्या (म्हणजे ढोकरीच्या, पाँड हेरॉनच्या) उघड्या पंखातलं एकेक पीस वेगळं दिसतंय, मागे मांडवी नदी आहे, डोळ्याचा पिवळा जागेवर आहे, आणि हे सगळं त्याच जुन्या १८-५५ वर, कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्सवर. उडते पक्षी किट लेन्सवाल्यांचं काम नव्हे, आता बसलेल्यांकडेच लक्ष देतो, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. तो बेत रद्द.

पणजीच्या फेरी धक्क्यावरचे वंचक किती माणसाळलेले आहेत हे तुम्हाला ठाऊक आहेच. गरी टाकून बसलेल्या माणसांच्या शेजारी ते हक्काने उभे असतात, गळाला लागलेलं बारकं मासळं आपल्याकडे फेकलं जाणार याची त्यांना खात्री असते. दोन मीटरवर जाऊन बसा, मान वळवूनही बघत नाहीत. म्हणजे अंतराची अडचण नव्हतीच. अडचण होती रंगाची.

वंचक बसलेला असताना तपकिरी, रेघारेघांचा, शेवाळलेल्या दगडात मिसळून गेलेला. पंख उघडले की पांढराशुभ्र. कॅमेऱ्याच्या मीटरला (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला) पंख उघडण्याआधीचंच दृश्य माहीत असतं: तपकिरी पक्षी, काळपट दगड, हिरवट पाणी. हे सगळं तो मध्यम करड्यापर्यंत उजळवतो आणि पुढच्या क्षणी फ्रेमभर पांढरा पसरतो तेव्हा तो पांढरा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) तरी वर गेलेला असतो. अख्खा पंख ब्लिंकीत, म्हणजे पडद्यावरच्या जळाल्याच्या इशाऱ्यात, लुकलुकायला लागतो. रॉमधून (सेन्सरच्या कच्च्या फाइलमधून) एखादा स्टॉप मागे आणता येतो, पण लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल भरले की तिथे पीस उरतच नाही, स्लायडर कितीही ओढा. उणे कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे मीटरच्या आकड्यापेक्षा उजेड कमी घेण्याचा, सल्ला इथे बऱ्याच जणांनी दिला होता. त्याने भागत नाही, कारण उणे किती हे मागे काय आहे त्यावर ठरतं. मागे चमकणारं पाणी असेल तर उणे एक पुरतं. दगडाची सावली असेल तर उणे दोनही अपुरं पडतं. पक्षी दोन पावलं सरकला की हिशेब बदलला. या एका गोष्टीने माझा सबंध पावसाळ्यानंतरचा हंगाम खाल्ला.

उत्तर त्याच धक्क्यावर उभं होतं: लहान बगळा. तोही पांढरा, तोही त्याच उन्हात, आणि तो जागचा हलत नाही. त्याच्या उन्हातल्या पाठीवर स्पॉट मीटर (फ्रेमच्या एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारा) लावायचा. मीटर पांढऱ्याला करडा समजतो, म्हणून त्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा दीड स्टॉप उघडायचं आणि मॅन्युअलमध्ये तो आकडा पक्का करून टाकायचा. मग वंचक दगडापुढे असो की पाण्यापुढे, फरक पडत नाही. स्वच्छ उन्हात नऊच्या सुमाराला आयएसओ ४००, एफ/८, १/२००० च्या आसपास उत्तर येतं, म्हणजे सनी सिक्स्टीनपेक्षा (भर उन्हात एफ/१६ ला शटर १/आयएसओ, या जुन्या ठोकताळ्यापेक्षा) एक तृतीयांश स्टॉप कमी. ज्यांच्या बॉडीत स्पॉट नाही, नुसतं पार्शल (मधल्या मोठ्या वर्तुळाचा उजेड मोजणारं) आहे, त्यांनी बगळ्याच्या अंगाने ते वर्तुळ पूर्ण भरेल इतकं जवळ जावं; कडेचं काळं पाणी आत आलं की आकडा फसवतो. ऊन ढगाआड गेलं की पुन्हा बगळ्याकडे.

या आकड्यावर बसलेला वंचक थोडा अंधारा येतो. येऊ द्यावा. सावल्या रॉमध्ये वर येतात, जळालेला पांढरा येत नाही.

दुसरं, फोकस. किट लेन्सची मोटर उडत्या पक्ष्यामागे धावू शकत नाही आणि तिला धावायला लावण्यात अर्थही नाही. ५५ मिलिमीटरवर दोन मीटर अंतराला क्रॉप बॉडीची (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याची) फ्रेम जेमतेम ८० सेंटीमीटर रुंद असते. वंचकाचे पंख पसरले की ७५ ते ९० सेंटीमीटर. पंखांची टोकं कापली जाणारच. म्हणून मी ३५ वर आलो. तिथे दोन मीटरला सव्वा मीटरची फ्रेम मिळते, शिवाय एफ/८ वर साधारण १.६ पासून २.६ मीटरपर्यंत सगळं धारदार. वंचक ज्यावर बसतो त्या फेरीच्या दोरावर फोकस करायचा, लेन्स मॅन्युअलवर टाकायची, आणि त्या मीटरभर पट्ट्यात पक्षी येईल याची वाट बघायची. लांब पल्ल्याची १५०-६०० लेन्स घेऊन आलेले मित्र इथे मागे मागे सरकत राहतात, कारण ती लेन्स दोन मीटरवर फोकसच घेत नाही. आपली लेन्स या कामाला खरोखरच जास्त चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो.

आता तिसरी गोष्ट, जी मला धक्क्यावरच्या एका गरीवाल्या काकांनी दिली. मी पक्ष्याच्या पाठीमागून उड्डाणं टिपतोय, दर वेळी शेपूट मिळतेय, हे ते बघत होते. म्हणाले, "वारो खंयचो तें पळय पयलीं, पुता." (वारा कुठला ते आधी बघ, पोरा.) पक्षी वाऱ्याला तोंड देऊनच उडतो. आणि हिवाळ्यात गोव्यात सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो. दुपारनंतर तो फिरतो आणि समुद्राकडून, वायव्येकडून वाहायला लागतो. म्हणजे सकाळी पक्षी पूर्वेला तोंड करून उडणार, आणि सूर्यही त्याच बाजूला! धक्क्याच्या पूर्व टोकाला बसलं की ऊन आपल्या पाठीवर, आणि वंचक तोंडावर ऊन घेऊन आपल्याच दिशेने उठतो. पावसाळ्यात सकाळची उड्डाणं इतकी वाईट का येत होती तेही आता कळलं. तेव्हा वारा दिवसभर पश्चिमेचा, पक्षी उजेडाकडे पाठ करून निघायचा.

उठायची वेळ कशी ओळखायची? माझी बॉडी सेकंदाला तीनच फ्रेम काढते, त्यामुळे बर्स्टवर (बटण दाबून धरून सलग फ्रेम काढण्यावर) विसंबता येत नाही. एकच क्लिक, पण वेळेवर. उडण्याआधी वंचक आखडलेली मान लांबवतो, अंग पुढे झुकवतो, पाय दुमडतो, आणि बऱ्याचदा पिचकारी टाकून हलका होतो. पाय दुमडले की दाबायचं. घशातला तो खरखरीत आवाज आला तर उशीर झालेला असतो.

त्याला उडवायची गरजच पडत नाही. नदीपलीकडच्या बेतीहून फेरी येते, पुढचा लोखंडी रॅम्प खाली पडतो, दणका बसतो, वंचक दोरावरून उठतो, एक छोटा फेरा मारून फेरी सुटली की परत तिथेच. टाळ्या वाजवणारे, खडा मारणारे लोक मी या धक्क्यावर पाहिले आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही. माणसांवर विश्वास टाकून जवळ उभा राहणारा पक्षी ही या शहराची दौलत आहे. फेरी दिवसभर ये-जा करते. थांबा.

त्या चांगल्या फ्रेमबद्दल थोडं सांगतो. डावा पंख पूर्ण वर, उजवा अर्धा खाली. पंखांच्या मुळाशी पांढऱ्यावर हलकी निळसर सावली, त्यामुळे पिसांच्या कडा मोजता याव्यात इतक्या सुट्या दिसतात. मान अजून लांब आहे, इंग्रजी एसच्या आकारात मागे घेतलेली नाही. हिरवट-पिवळे पाय दोराला सोडून दोन बोटं वर आलेत आणि दोराचा भिजलेला काथ्या पायाखाली थरथरतोय. पार्श्वभूमीत कॅसिनोची एक बोट आली आहे. ती मला खुपते. ३५ वर एफ/८ ला ती पुरेशी पुसली जात नाही. खाली, जवळजवळ दगडावर पोटावर पडून कॅमेरा लावला तर पंखांमागे बेतीची झाडं आणि आकाश येतं, बोट खाली राहते. भरतीला पाणी वर आलं की पक्षी दोरावर डोळ्याच्या पातळीत बसतो; ओहोटीला तो खालच्या चिखलात उतरतो आणि आपण वरून त्याची पाठ टिपत बसतो. म्हणून यापुढे भरतीचं कोष्टक बघूनच निघणार. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे नऊची भरती आणि पूर्वेचा वारा यांची गाठ पंधरवड्यात मोजकेच दिवस पडते.

थोडं सामानाबद्दल. स्वस्त यूव्ही फिल्टर काढून टाका, उन्हासमोर तो पांढऱ्यावर धुकं पसरवतो. ओलावा शोषणारी सिलिका जेल मात्र चांगली घ्या, रंग बदलणारी. एका दुकानातून आणलेली पुडी आधीच दमट निघाली, आणि गोव्याच्या हवेत लेन्सला बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. मी आता हवाबंद डबा, स्वस्त हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा) आणि कढईत मंद आचेवर परतून कोरडी केलेली जेल यावर आहे. लांब पल्ल्याची ५५-२५० लेन्स घ्यायची म्हणून पैसे बाजूला ठेवले होते, ते तसेच राहू देत.

पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमधल्या खारीचा फोटोही जमला, वीतभर अंतरावरून, मिशीचा केसन् केस. तिची वेगळी नोंद करेन.

हे लिहितानाच एक सुचलं. ३५ कशाला, १८ का नको? १८ वर एफ/८ ला एक मीटरवर फोकस लावला तर साधारण ७० सेंटीमीटर ते पावणेदोन मीटर सगळं धारदार, आणि फ्रेम सव्वा मीटर रुंद. म्हणजे कॅमेरा दोराच्या खुंट्याशेजारी ठेवायचा, पट्टा खुंट्याला बांधायचा, आणि केबल रिलीज (लांबून शटर दाबायची वायर) हातात घेऊन लांब बसायचं. पंख, मांडवी, पलीकडची बेती, येणारी फेरी, सगळं एका चौकटीत. मग ती कॅसिनोची बोटही चालेल, ती या जागेचीच आहे.

आणि मे महिना. तेव्हा वंचकाच्या पाठीवर विणीचा तांबूस-जांभळा रंग चढलेला असतो. तेव्हाची सकाळ सोडायची, दुपारी चारनंतर जायचं: वारा वायव्येचा, सूर्यही तिकडेच, बसायचं धक्क्याच्या पश्चिम टोकाला. आकडा पुन्हा बगळ्यावरूनच.

गोव्यातल्याच शापोरा किंवा साळ नदीच्या धक्क्यांवर कोणी जात असाल तर सकाळी वारा कुठून येतो आणि वंचक कुठल्या दिशेने उठतो, एवढं बघून कळवा. तिथे दोर नसतील तर पक्षी कशावर बसतो तेही लिहा, मी केबल त्या हिशेबाने लांबीची घेईन.