मर्मनबाई, फाल्गुनराव आणि पंचावन्न मिनिटं

गणपतीच्या कार्यक्रमात ‘संगीत संशयकल्लोळ’ करायचं ठरलं तेव्हा मंडळाच्या समितीने दोन अटी घातल्या. नाटक तासाच्या आत (म्हणजे पंचावन्न मिनिटांत) संपलं पाहिजे आणि सभागृहातून त्याचं थेट प्रक्षेपण झालं पाहिजे. न्यू जर्सीतले आमचे बरेच ज्येष्ठ सभासद रात्री गाडी चालवत नाहीत, ते घरी टीव्हीसमोर बसून बघणार होते. दिग्दर्शन माझ्या गळ्यात पडलं.

हक्कांची कटकट नव्हती. नाटककार गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक पदांसह रंगभूमीवर आणलं. अडचण होती ती लांबीची. पदं रंगली की तीन तास सहज होतात. शिवाय मला नाटक थोडंफार कळतं, कॅमेऱ्यातलं काहीच नाही.

कोणीतरी म्हणालं, पूर्वी टीव्हीवर नाटकं थेटच व्हायची, ती बघ. लायब्ररीत शोधाशोध केली तर ‘एनिथिंग गोज’ची डीव्हीडी हाती लागली. कोल पोर्टरची गाणी असलेलं ब्रॉडवेचं विनोदी संगीत नाटक, मूळचं १९३४चं. २८ फेब्रुवारी १९५४ला ‘कोलगेट कॉमेडी अवर’ या कार्यक्रमात एनबीसी वाहिनीवर ते थेट झालं. मूळ प्रयोगातली गायिका-अभिनेत्री एथेल मर्मन वीस वर्षांनी, वयाच्या ४६व्या वर्षी तीच भूमिका करायला उभी, सोबत फ्रँक सिनात्रा आणि बर्ट लार. तेव्हा व्हिडिओ टेप नव्हती, ती आली १९५६मध्ये. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करायचं, त्याला किनेस्कोप म्हणत. त्यामुळे चित्र मऊ, राखाडी. पण प्रयोग टिकला. त्या काळातलं कितीतरी हवेत विरून गेलं. पुढच्याच वर्षी अभिनेत्री मेरी मार्टिनचं ‘पीटर पॅन’ टीव्हीवर इतकं गाजलं की १९५६च्या जानेवारीत पुन्हा दाखवायचं ठरलं, तर सगळ्या नटांना गोळा करून अख्खं नाटक पुन्हा थेट करावं लागलं!

मी ती डीव्हीडी वही घेऊन बघितली. तासाच्या कार्यक्रमात, त्यातही जाहिराती वगळून, नाटक बसवायचं म्हणजे कात्री कुठे लावली असेल? मूळ नाटकातली पाचच गाणी ठेवली आहेत, वर पोर्टरचीच दुसरीकडची आणून बसवली आहेत. कथानक बदललं, नायकाचं नावही बदललं. पण जहाज हललं नाही. सगळी माणसं एका जहाजावर अडकलेली, कोणाला कोणापासून पळता येत नाही, एवढं राहिलं की बाकीचं बदललं तरी चालतं, असा मी त्यातून अर्थ काढला. या जहाजाची एक गोष्ट सांगतात. मूळ संहितेत जहाजावरचं संकट होतं, पण १९३४च्या सप्टेंबरात आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर ‘मॉरो कॅसल’ जहाजाला आग लागून शंभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर त्या विषयावर हसवणं अशक्य झालं आणि नाटक घाईघाईने नव्याने लिहिलं गेलं. जहाज मात्र तेव्हाही राहिलंच.

मग आमचं जहाज कोणतं? माझ्या मते तसबीर. अश्विनशेटची प्रेयसी रेवती, तिला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते. त्या गडबडीत रेवतीकडची अश्विनशेटची तसबीर पडते आणि कृत्तिकेला सापडते. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावाचं डोकं फिरतं. पुढची सगळी धमाल त्या तळहाताएवढ्या वस्तूभोवती फिरते. देवलांनी हे नाटक आधी गद्यातच लिहिलं होतं, नावच ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पदं नंतर आली. म्हणजे गाण्यांशिवाय सांगाडा उभा राहतो याची खुद्द लेखकानेच खात्री करून ठेवलेली. मी तसबिरीच्या प्रवासाला हात लावला नाही, बाकी सगळीकडे निर्दयपणे पेन्सिल चालवली.

आणि कॅमेऱ्याने पहिलं बक्षीस इथेच दिलं. नाट्यगृहात बाविसाव्या रांगेतल्या माणसाला तसबीर दिसत नाही, त्याला नटाच्या तोंडून कळते. आमच्या तिसऱ्या कॅमेऱ्याने (कॅमेरा म्हणजे माझ्या भाच्याचा फोन, स्टँडवर) फक्त कृत्तिकेचे हात पकडले. पदराच्या टोकाने ती काच पुसते, तोंडाजवळ आणून बघते, पुन्हा पुसते. एक शब्द नाही. फाल्गुनराव मागून डोकावतो तो चौकटीच्या कडेला नुसत्या पगडीने. त्या जागी संहितेतली सहा-सात वाक्यं मी काढली आणि कोणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

स्वगतांनी मात्र छळलं. रंगमंचावर फाल्गुनराव दोन पावलं पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलतो आणि शेजारी उभ्या कृत्तिकेला ते ऐकू येत नाही, हे आपण मान्य केलेलं असतं. कॅमेऱ्यात दोघं एकाच चौकटीत दिसली की ती बहिरी वाटते. बरेच उपाय करून झाल्यावर साधा मार्ग सापडला: स्वगत आलं की फाल्गुनराव एकटाच, जवळून, थेट भिंगात बघत बोलणार. आमचे फाल्गुनराव बँकेत नोकरीला आहेत. भिंगात बघून बायकोबद्दल कुजबुजताना ते असे काही रंगात यायचे की त्यांची खरी बायको तालमीत म्हणाली, “अहो, जरा बेताने. लोकांना माझ्याबद्दल वाटेल.”

पदांवरून वादळ झालंच. ऑर्गनवर बसणारे काका सत्तरीचे. दरबारी रागातलं ‘मृगनयना’ हे पद मी चार मिनिटांत बसवायचं म्हटल्यावर त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं. “अगं, दरबारीला चार मिनिटं? सूर लागेपर्यंत पडदा पाडशील तू.” मी त्यांना घरी नेऊन १९५३चा फोर्ड कंपनीच्या पन्नाशीचा टीव्ही कार्यक्रम दाखवला. त्यात मर्मन आणि मेरी मार्टिन दोघी स्टुलांवर बसून गाण्यांमागून गाणी म्हणतात, नेपथ्याचा पत्ता नाही. काका गप्प बघत राहिले. मग म्हणाले, “बाई हलत नाही म्हणून गाणं ऐकू येतं.” त्यांच्याशी तडजोड ठरली. चारच पदं, पण ती तोडायची नाहीत. ‘मृगनयना’ला सात मिनिटं, अश्विनशेट उभा राहून गाणार, कॅमेरा एकच, तो हलवायचा नाही. ‘वन्समोअर’ आलं तरी घ्यायचा नाही, यावर काकांनी नाइलाजाने मान डोलावली.

हशाचा प्रश्न शेवटच्या आठवड्यात लक्षात आला. नट हशासाठी थांबतो, पण घरी बसलेल्याला हशा ऐकू आला नाही तर नट वाक्य विसरला असं वाटतं. म्हणून पहिल्या दोन रांगांवर वेगळा माइक टांगला आणि तिथे मुद्दाम मनमोकळं हसणारी मंडळी बसवली.

प्रयोगाच्या दिवशी ध्वनियंत्रणेने अर्धा तास घाम काढला, भाड्याच्या सभागृहात हे चालायचंच. सुरुवातीला प्रायोजकांची पाटी दाखवावी लागली: एक डबेवाल्या वहिनी आणि एक घरांचे एजंट. समितीतल्या एकांना ते नाटकाच्या पावित्र्याला धक्का देणारं वाटलं. मर्मनबाईंच्या कार्यक्रमाच्या तर नावातच टूथपेस्ट होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही.

प्रयोग पंचावन्नाच्या जागी अठ्ठावन्न मिनिटं चालला. वरची तीन मिनिटं काकांनी दरबारीत घेतली. मी विंगेतून हातवारे करत होते, ते डोळे मिटून वाजवत होते. घरी बघणाऱ्या एका आजींचा दुसऱ्या दिवशी फोन आला: कृत्तिकेच्या हातातली तसबीर इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच नीट दिसली. आणि अश्विनशेट म्हणून कोणाचा फोटो लावला होता, असं त्यांनी विचारलं. माझ्या नवऱ्याचा, पंचविशीतला.

आता दुसऱ्या एका राज्यातल्या मंडळाने दिवाळीसाठी विचारलं आहे, पण त्यांच्याकडे चाळीसच मिनिटं आहेत. तीन पदं काढायला मी तयार आहे. ‘मृगनयना’च्या सात मिनिटांवर बोलणी अडली आहेत, आणि काकांना अजून यातलं काही सांगितलेलं नाही.