आमची वाटचाल : घर, बाग आणि कारखाना

वेंगुर्ल्याजवळ आमच्या एकाच कुंपणात घर आहे, हापूसची बाग आहे आणि जुन्या मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठारवजा खोपीत, उभा केलेला कोकम-आंब्याचा छोटा कारखाना आहे. 2011 साली आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुलांपासून सुरुवात केली. पुढे आंबापोळी आली, मग आमरसाचे डबे. मालाला गिऱ्हाईक लवकर मिळालं. कठीण होतं ते एवढंच, की एका आवारात खर्च होणारा रुपया घराचा, बागेचा की धंद्याचा, हे रोजच्या रोज ठरवणं.

पहिली काही वर्षं आम्ही तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या कलम 44 एडीच्या अनुमानित योजनेत होतो. उलाढालीच्या 8 टक्के नफा धरायचा, पुढे बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के. खर्च वेगळा दाखवायचा नाही. लहान धंद्याला ही योजना सोयीचीच आहे. पल्पर (रस काढायचं यंत्र) आणि डबे सीलिंगचं यंत्र घेतल्यावर मात्र खरा नफा त्याहून कमी उरू लागला. योजना सोडली की पाच वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न करमाफ मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही लागतं. ते पत्करून आम्ही पूर्ण वह्या लिहायला घेतल्या.

बागेचा प्रश्न सगळ्यात नाजूक. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून फवारणी, खत, राखण यांचा खर्च कारखान्याच्या नावावर टाकता येत नाही. पण आपल्याच बागेतला आंबा रसाला वापरला, तर त्या वर्षीच्या सरासरी बाजारभावाने त्याची किंमत धंद्याच्या उत्पन्नातून वजा होते. आयकराचे नियम हेच सांगतात. कित्येक बागायतदार ही वजावट घेतच नाहीत, घरचा आंबा म्हणजे फुकटचा आंबा असं धरून चालतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. वर्षभर झाडाखाली ओतलेला पैसा असतो तो! आमच्याकडे किती क्रेट उतरले, त्यातले कारखान्यात किती गेले आणि बाजारात भाव काय होता, एवढं त्याच संध्याकाळी लिहिलं जातं.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आम्ही आजूबाजूच्या बागायतदारांकडून घेतो, बहुतेक रोखीने. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांवर रोख दिले तर तो खर्च नामंजूर होतो. मात्र पिकवणाऱ्याकडून थेट घेतलेल्या शेतमालाला आयकराच्या नियमांत सूट आहे. तेच रातांबे व्यापाऱ्याकडून घेतले तर सूट नाही, तिथे पैसे बँकेतूनच. म्हणून प्रत्येक व्हाउचरवर नाव, गाव, वजन, दर आणि सही किंवा अंगठा असतो.

कारखान्याला स्वतंत्र वीजमीटर आहे. कुडाळ स्टेशनवर मालही नेणाऱ्या आणि लग्नालाही जाणाऱ्या गाडीचं डिझेल आम्ही फेऱ्यांच्या वहीवरून वाटून घालतो. यंत्राची किंमत एकदम खर्चात जात नाही, वर्षाला 15 टक्के घसारा (झिजेपोटी वजावट) मिळतो. हंगामाच्या तयारीत मार्चमध्ये सुरू केलेल्या यंत्राला त्या आर्थिक वर्षी निम्माच, कारण वापर 180 दिवसांपेक्षा कमी. मालकाला पगार धरता येत नाही. घरासाठी काढले ते उचल, धंद्याचा खर्च नव्हे.

मे 2021 च्या तौक्ते वादळात मांगराचे पत्रे उडाले, भरलेला माल भिजला. साठ्याची वही, फोटो आणि पंचनामा हाताशी असल्याने मालाचं नुकसान धंद्यात दाखवता आलं. उन्मळून पडलेली आंब्याची कलमं बागेची, ती कारखान्याच्या हिशेबात धरली नाहीत.

याच वह्या पाहून पुढे बँकेने शीतखोलीसाठी कर्ज दिलं. खोली सुरू झाल्यापासूनचं व्याज आम्ही खर्चात घेतो, हप्त्यातली मुद्दल नाही. यंदा पहिल्यांदाच आमचा रस गणपतीपर्यंत पुरणार आहे.